कोल्हा बोलू दे, पण कोल्हाच राहू दे

प्राणी बोलत नाहीत, मग लहान मुलांना बोलणाऱ्या प्राण्यांच्या गोष्टी सांगून आपण त्यांना खोटं शिकवतो का? साताऱ्या-सांगलीकडच्या पालकसभांतही हा प्रश्न आता ऐकू येऊ लागला आहे. विचारणारे बहुतेक तरुण आईवडील असतात, शिकलेले, मुलांची मनापासून काळजी करणारे. त्यांचं म्हणणं असं की तीन-चार वर्षांच्या मुलाला जग समजून घ्यायचं असतं, आणि नेमक्या त्याच वयात ससा शर्यत लावतो, कोल्हा लबाडी करतो, कावळा चिमणीचं दार वाजवतो असं सांगितलं की त्याच्या डोक्यात घोळ होतो. ससा काय खातो, कुठं राहतो, ते सांगा. बोलतो हे कशाला? माझ्या माहितीतल्या एका बालवाडीनं तर अशी पुस्तकं कपाटातून काढली आणि त्या जागी प्राण्यांच्या छायाचित्रांचे तक्ते लावले.

मी इथल्या एका सार्वजनिक वाचनालयात मुलांना गोष्टी सांगते, त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या कामाचा आहे. तो उडवून लावण्यासारखा नाही. बालशिक्षणाची नवी पद्धत घडवणाऱ्या खुद्द मारिया माँटेसरींना अगदी लहान मुलांना अद्भुतकथा देण्याविषयी शंका होती. त्यांची पद्धत गुजरातेत भावनगरात रुजवणाऱ्या गिजुभाई बधेकांनी मात्र गोष्टीला शाळेत मानाचं पान दिलं, गोष्ट सांगण्याच्या शास्त्रावर आख्खं पुस्तक लिहिलं. त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडकांनी ते बालशिक्षण महाराष्ट्रात आणलं. म्हणजे मतभेद जुना आहे, आणि दोन्ही बाजूंना मुलांवर जीव असलेली माणसं आहेत. माझं मत गिजुभाईंच्या बाजूचं आहे, पण एक अट घालून. प्राण्यानं बोलावं, पोटभर बोलावं; फक्त बोलता बोलता त्याचं प्राणीपण हरवू नये.

साताऱ्यात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर इथले. १९८९ साली त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली, आणि २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला. ‘हे खरं कशावरून?’ हे विचारायची सवय त्यांनी या भागातल्या कितीतरी शिक्षकांना लावली. त्याच सवयीतून काही शिक्षक विचारतात की आपण एकीकडे चमत्कार नाकारतो आणि दुसरीकडे पोरांना बोलणारा कोल्हा देतो, हे जुळतं कसं? प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही इथल्याच उदाहरणानं द्यायला हवं.

सांगली जिल्ह्यातलं बत्तीस शिराळा नागपंचमीसाठी सगळीकडे माहीत आहे. जिवंत नागाच्या पूजेची तिथली परंपरा गोरक्षनाथांपासूनची सांगतात. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि पुढं उच्च न्यायालयाचे आदेश यांनी तिच्यावर बंधनं आली. शिराळकरांची नागावरची माया खरी आहे, त्या वादात मी इथं शिरत नाही. मला बोलायचंय ते दोन वाक्यांबद्दल. श्रावण लागला की ती दोन्ही जिल्ह्यांत घरोघरी, अगदी शिकल्यासवरल्या माणसांच्याही तोंडी असतात: नाग दूध पितो, आणि नागीण डूख धरते.

दोन्ही धादांत खोटी आहेत. साप मांसाहारी आहे, दूध त्याचं अन्नच नाही. पाण्यावाचून तडफडत ठेवलेला साप समोर येईल ते पितो, आणि ते त्याला बाधतं. माणसाचा चेहरा ध्यानात ठेवून सूड उगवावा असा त्याचा मेंदूच नाही. ही वाक्यं मुलांच्या मनात जातात कुठून? गोष्टीच्या पुस्तकातून नक्कीच नाही. ती जातात मोठ्यांच्या तोंडून, आणि अगदी बातमीसारखी जातात. ‘नाग दूध पितो’ असं सांगणारी आजी त्या वेळी गोष्ट सांगत नसते, माहिती देत असते. म्हणून ते मूल मोठं होऊन हातात दुधाची वाटी घेतं, आणि दारात धामण निघाली की काठी घेतं.

त्याच्याशेजारी नागपंचमीची कहाणी ठेवून बघा. आटपाट नगर, एक शेतकरी, त्याच्या नांगराचा फाळ लागून नागिणीची पिल्लं मरतात. नागीण खवळते, शेतकऱ्याच्या घरादाराला डसते, मग परगावी दिलेल्या त्याच्या लेकीकडे निघते. लेक पाटावर नाग काढून पूजा करत बसलेली असते. ते बघून नागीण निवते, तिच्याशी बोलते, अमृत देते, मेलेली माणसं उठतात. यातलं जवळजवळ सगळं अशक्य आहे. तरी त्या कहाणीच्या पोटात एक अस्सल निरीक्षण आहे, आणि ते औत धरणाऱ्या माणसानंच केलेलं असणार. नागाची मादी उन्हाळ्यात अंडी घालते, अंड्यांपाशी राखण करत थांबते, पिल्लं बाहेर पडतात ती पावसाच्या तोंडाला किंवा पावसात, आणि शेतातली औतं फिरतात तीही त्याच सुमाराला. पंचमीला नांगरू नये, खणू नये ही रीत त्यातून आली असावी असं मला फार वाटतं.

‘आटपाट नगर होतं’ ऐकलं की चार वर्षांचं पोरही समजतं की आता गोष्ट सुरू झाली. बोलणारी नागीण आपल्याला बांधावर भेटेल असं त्याला वाटत नाही. बांधावर साप दिसला की ते पळतं. भातुकलीत मातीचा भात वाढणारी मुलगी तो भात गिळत नाही. खरं कुठं संपतं आणि खेळ कुठं सुरू होतो ही रेघ मुलं आपल्यापेक्षा बारकाईनं पाळतात. घोळ होतो तो मोठ्यांनी ती रेघ पुसली की. म्हणून अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींना मी नेहमी सांगते, की तुमचं भांडण कहाणीतल्या नागिणीशी नाही, दुधाच्या वाटीशी आहे.

घोळ होतो म्हणणाऱ्यांकडे संशोधनही आहे, आणि ते नीट वाचण्यासारखं आहे. टोरांटो विद्यापीठातल्या पॅट्रिशिया गॅनिया आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये लहान मुलांना प्राण्यांची पुस्तकं वाचून दाखवली. काही पुस्तकांत प्राणी जसा असतो तसा होता, काहींत तो माणसासारखा विचार करत, बोलत होता. दुसऱ्या प्रकारची पुस्तकं ऐकलेल्या मुलांनी त्या प्राण्यांविषयीची खरी माहिती कमी उचलली आणि माणसाचे गुण खऱ्या प्राण्यांना जास्त चिकटवले. इतकं वाचून लोक थांबतात. पण त्यात वापरलेले प्राणी होते कॅव्ही, हँडफिश आणि ऑक्सपेकर, म्हणजे गिनीपिगच्या कुळातला एक प्राणी, समुद्राच्या तळावर परांनी चालणारा एक मासा, आणि आफ्रिकेत गुरांच्या पाठीवर बसून गोचिडं टिपणारा एक पक्षी. मुलांना माहीत नसलेलेच प्राणी मुद्दाम निवडले होते. मुलांकडे त्या प्राण्याची दुसरी काही ओळखच नव्हती, होतं ते फक्त ते पुस्तक. आणि त्या पुस्तकात माहिती आणि कल्पना एकात एक कालवलेली होती. माझ्या लेखी हे शिराळ्याच्या दुधाच्या वाटीचंच दुसरं उदाहरण आहे. माहितीच्या पुस्तकात प्राण्याला गप्पा मारायला लावू नयेत, हे मला शंभर टक्के मान्य आहे.

आपल्याकडच्या मुलांचं काय? जत तालुक्यातल्या पोराला माडग्याळी मेंढीचं बाकदार नाक पुस्तकात बघायला लागत नाही. आटपाडीकडच्या पोराला खिलार बैलाची चाल लांबून ओळखता येते. वाळव्याच्या मुलीनं म्हैस व्यालेली पाहिलेली असते, जार पडेपर्यंत घरातली मोठी माणसं कशी जागतात तेही तिला ठाऊक असतं. या मुलांशी गोष्टीतली शेळी बोलली तर ती खऱ्या शेळीविषयी फसतील कशी? आणि त्यांच्या घरात जनावराशी बोलणं ही रोजची रीत आहे. बेंदराच्या दिवशी बैलाची शिंगं रंगवताना म्हातारा त्याला ‘हल नको रं बाळा, झालंच’ म्हणतो, पुरणपोळीचा घास भरवताना वर्षभर मारलेल्या चाबकाबद्दल त्याच्या मानेवरून हात फिरवत काहीबाही पुटपुटतो. बैल उत्तर देत नाही हे त्यालाही कळतं. गोष्ट फक्त ते उत्तर देते.

शहरात वाढणाऱ्या मुलांची अडचण खरी आहे, हेही सांगते. सांगलीत किंवा साताऱ्यात तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या मुलाला कुत्रं, मांजर, कबूतर यांपलीकडे फारसं काही दिसत नाही. त्याला गोष्टीबरोबर प्राणीही दाखवायला हवा. धों. म. मोहित्यांनी उजाड डोंगरावर ध्यास घेऊन उभं केलेलं सागरेश्वरचं अभयारण्य जवळच आहे, तिथं हरणं दिसतात. हरणाची गोष्ट काढून टाकण्यापेक्षा त्याला तिकडं घेऊन जाणं जास्त उपयोगाचं आहे.

टोरांटोचाच आणखी एक अभ्यास आहे, २०१७ चा, आणि माझ्या अटीचं मूळ तो वाचताना सापडलं. वाटून घ्यावं हे शिकवणारी, रॅकून या अमेरिकेतल्या प्राण्याच्या पिल्लाची एक गोष्ट त्यांनी मुलांना वाचून दाखवली. दुसऱ्या गटाला तीच गोष्ट वाचून दाखवली, चित्रांत फक्त रॅकूनच्या जागी माणसांची मुलं घालून. नंतर मुलांना आपली स्टिकर वाटायला सांगितली, तर माणसांची गोष्ट ऐकलेल्या मुलांनी जास्त वाटली. यावरून निष्कर्ष निघाला की नीती शिकवायची तर पात्रं माणसांचीच बरी. माझं लक्ष दुसरीकडेच गेलं. रॅकून काढून माणूस घातला आणि गोष्टीला ओरखडाही उमटला नाही! म्हणजे त्या गोष्टीत रॅकून मुळात नव्हताच. होता तो रॅकूनचं कातडं पांघरलेला शहाणा मुलगा.

आजच्या बालपुस्तकांचं दुखणं इथं आहे. दुकानातलं कुठलंही चकचकीत पुस्तक उचला. अस्वल दात घासतं, ससा दप्तर घेऊन शाळेत जातो, हत्ती मोबाइल कमी बघायला शिकतो, माकड ताटातली भाजी संपवतं. अस्वलाच्या जागी जिराफ घाला, चालतं. जिराफाच्या जागी शेजारचा बंटी घाला, तेही चालतं. ना अस्वलाला वास येतो, ना मोहाची फुलं आवडतात, ना ते झाडावर चढतं. त्याला फक्त मोठ्यांचं म्हणणं मुलांपर्यंत पोचवायला नेमलेलं असतं. मुलं हे लगेच ओळखतात. अशी पुस्तकं मी वाचायला घेते तेव्हा मागच्या रांगेतली मुलं एकमेकांची वेणी ओढायला लागतात.

हीच कसोटी जुन्या गोष्टींना लावून बघा. माकड आणि मगर. पंचतंत्रातल्या ‘लब्धप्रणाश’ या चौथ्या तंत्राचा सगळा डोलारा या गोष्टीवर उभा आहे. माकड काठच्या जांभळावर, मगर पाण्यात. मगरीला झाडावर चढता येत नाही, पाण्यात मगरीपुढं माकडाचं काही चालत नाही. मैत्री होते ती जांभळांवरून, कारण माकड ती वरून टाकू शकतं. घात ठरतो तो मगरीच्या पाठीवर, कारण पाण्यात माकड लाचार आहे. सुटका होते ती झाडाला हात पोचताच. यातलं एक जरी पात्र माणसाचं केलं तरी गोष्ट बसकण मारते. आणि भिलवडी, औदुंबरकडच्या मुलांना ही गोष्ट सांगताना तर माझाही आवाज बदलतो. तिथं कृष्णेत खरोखर मगरी आहेत. हिवाळ्यात त्या काठावर ओंडक्यासारख्या निपचित उन्हाला पडलेल्या असतात, जबडा उघडा टाकून. पाण्यात शिरायचं नाही, हे तिथल्या मुलांना गोष्टीच्या आधीच माहीत असतं. मगर माकडाला म्हणते, ‘चल, बस पाठीवर’, तेव्हा तिथली एखादी मुलगी जोरात ‘नको!’ ओरडते. त्या ‘नको’मध्ये तिचं गोष्टीचं ज्ञान आणि नदीचं ज्ञान एकत्र आलेलं असतं.

चिऊ-काऊची गोष्ट घ्या, सगळ्यांत साधी. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं घर मेणाचं. ही कुणा हल्लीच्या लेखकाची नाही. तेराव्या शतकातल्या लीळाचरित्रात चक्रधरस्वामींच्या तोंडी ती आहे. म्हणजे सातशे वर्षांहून जास्त काळ मराठी मुलं हे दार वाजताना ऐकत आली आहेत. काय आहे तिच्यात एवढं? माझं निरीक्षण असं, की या गोष्टीतला खरा जीव ‘थांब’ या उत्तरात आहे. थांब माझ्या बाळाला अंघोळ घालते, थांब माझ्या बाळाला टीट लावते, थांब माझ्या बाळाला झोपवते. दिवसभर मूल आईकडून ‘थांब’ ऐकत असतं: थांब भाकरी टाकते, थांब म्हशीला पाणी दाखवून येते, थांब फोनवर बोलते. या गोष्टीत पहिल्यांदा मूल आत असतं आणि जग बाहेर थांबलेलं असतं. आई दुसऱ्या कुणाला तरी थांबवते आहे, आणि तेही आपल्यासाठी! काजळ, पावडर, अंगाई लांबेल तितकी मुलांना हवी असते. कावळ्याची दयाही येत असते, पण आत बसण्याचं सुख सोडवत नाही. माणसांच्या गोष्टीत एक बाई शेजाऱ्याला पावसात इतका वेळ उभा करील तर मुलं तिला वाईट ठरवून मोकळी होतील. चिमणी आहे म्हणून त्यांना दोन्हीकडं राहता येतं.

मुलं गोष्ट किती जागेपणी ऐकतात याचा एक प्रसंग सांगते. दुष्काळी माण तालुक्यात, दहिवडीकडच्या एका शाळेत ही गोष्ट सांगत होते. पाऊस आला, कावळ्याचं घर वाहून गेलं, इथवर आले तर दुसरीतली एक मुलगी उठून म्हणाली, ‘‘बाई, आमच्यात पाऊसच नसतुय. कावळ्याचं घर कसं पडंल? चिमणीचंच वितळंल की उन्हानं.’’ सगळा वर्ग त्या बाजूला झुकला. मग माण तालुक्याची गोष्ट तयार झाली. चैत्राचं ऊन, मेणाचं घर थेंब थेंब गळतंय, आणि चिमणी पिल्लं घेऊन कावळ्याचं दार वाजवते. कावळ्यानं काय करायचं यावर पोरं बराच वेळ भांडली. एकानं सांगितलं, कावळा दार उघडेल, कारण शेणाच्या घराला दारच नसतं. चिमणी बोलते म्हणून त्या मुलीच्या डोक्यात काय घोळ झाला होता? तिनं मेणाचा आणि शेणाचा गुणधर्म तपासला, आपल्या गावचं हवामान तपासलं आणि सातशे वर्षांची गोष्ट उलटी केली. यालाच तर आपण वैज्ञानिक दृष्टी म्हणतो.

मराठी छपाईची सुरुवातही अशाच प्राण्यांच्या संगतीत झाली आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. १८०६ साली तंजावरला सरफोजीराजांच्या छापखान्यात ‘बालबोधमुक्तावली’ छापली गेली, ती इसापाच्या गोष्टींची मराठी होती. मराठीत छापलेल्या अगदी पहिल्या पुस्तकांपैकी ती एक. साताऱ्याच्या गादीच्याच भोसले कुळातल्या राजानं, मराठी मुलखापासून इतक्या दूर, मुलांसाठी काय छापावं तर बोलणारे कोल्हे आणि करकोचे.

आता माझ्याच बाजूतला एक काटा मला काढायला हवा. प्राण्याचा स्वभाव जपा, असं मी म्हणते. पण स्वभाव जपताना जुन्या गोष्टींत आणखी काहीतरी जपलं गेलं आहे. सिंह राजा, कोल्हा प्रधान, गाढव मूर्ख, उंदीर क्षुद्र, आणि हे सगळं जन्मानं ठरलेलं. निळ्या कोल्ह्याची गोष्ट आठवा. कुत्री मागं लागली म्हणून कोल्हा रंगाऱ्याच्या निळीच्या पिंपात पडतो, निळा होऊन बाहेर येतो, जनावरं त्याला राजा करतात. एका रात्री लांबून कोल्हेकुई ऐकू येते, त्याच्याही तोंडून ती निघते, आणि मारला जातो. मुलांच्या पुस्तकांत या गोष्टीखाली तात्पर्य असतं, की आपण जे आहोत तेच राहावं.

हे तात्पर्य साताऱ्यात बसून वाचताना माझ्या अंगावर काटा येतो. याच शहरातल्या सरकारी हायस्कुलात, आताच्या प्रतापसिंह हायस्कुलात, ७ नोव्हेंबर १९०० ला भिवा रामजी आंबेडकर या मुलाचं नाव पटावर चढलं. तो दिवस राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. ‘तू जन्मानं जो आहेस तोच राहा’ हे त्या मुलाला पावलोपावली ऐकवलं गेलं होतं. त्याच गावातल्या वर्गात आपण पोरांना निळ्या कोल्ह्याचं हे तात्पर्य पाठ करायला लावायचं का?

माझ्यापुरता मी असा निवाडा केला आहे. सिंहाचा पंजा सिंहाचा आहे, त्याचा मुकुट माणसानं घातला आहे. कोल्हेकुई ऐकून ज्याला राहवत नाही तो कोल्हा खरा आहे; गोष्टीतला सगळ्यांत जिवंत, सगळ्यांत दुःखाचा क्षण तोच आहे. रंग उतरला म्हणून त्याला फाडून टाकणारी राज्यव्यवस्था जंगलातली नाही, आपली आहे. शरीर प्राण्याचं आणि पायरी माणसाची, हा फरक सांगणाऱ्यानं ध्यानात ठेवला की गोष्ट टाकून द्यायला लागत नाही. मी ती सांगते आणि तात्पर्य न सांगता विचारते, कोल्ह्याचं चुकलं कुठं? मूळ गोष्टीत राजा झाल्यावर हा कोल्हा आपल्याच जातभाईंना दरबारातून हाकलून देतो, हा भाग बऱ्याच पुस्तकांतून गळलेला असतो. तो सांगितला की मुलं बरोबर तिथंच बोट ठेवतात: आपल्या माणसांना हाकलायला नको होतं. काही जण म्हणतात, चांगलं राज्य करत होता तर रंगाशी काय देणंघेणं? दोन्ही उत्तरं त्या छापील तात्पर्यापेक्षा कितीतरी मोठी आहेत.

याच कारणानं बोलणारे प्राणी मला आपल्या वर्गांसाठी मोलाचे वाटतात. माणसाचं पात्र आलं की नाव येतं, नावामागं आडनाव येतं, आणि आडनावाबरोबर गल्ली, वाडी, वस्ती सगळं येतं. दुसरीतली मुलंही ते ओळखतात. ओळखायला त्यांना आपणच शिकवलेलं असतं. कावळ्याला आडनाव नाही. पावसात भिजणाऱ्या कावळ्याच्या जागी वर्गातलं कुठलंही मूल बसू शकतं.

जुन्यावरच थांबूनही चालणार नाही. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत आज प्राण्याची सगळ्यांत मोठी गोष्ट उसात घडते आहे, आणि ती मुलांना कुणी नीट सांगत नाही. कराड, पाटण, शिराळा, वाळवा या पट्ट्यात बिबट्या उसात राहतो, उसात वितो. ऊसतोड सुरू झाली की सरीत डोळे न उघडलेली पिल्लं सापडतात. वनखात्याची माणसं ती तिथंच क्रेटमध्ये ठेवतात, कॅमेरा लावून लांब थांबतात आणि रात्री मादी येऊन एकेक पिल्लू तोंडात धरून नेते. आडसाली ऊस सोळा ते अठरा महिने उभा असतो. बिबट्याची पिल्लंही दीड-दोन वर्षं आईबरोबर राहतात. म्हणजे त्या मादीच्या दृष्टीनं ऊस हे जंगलच आहे, एक दिवस अचानक कोयता लागेपर्यंत. आणि तो कोयता ज्या बाईच्या हातात आहे ती बीडकडून आलेली असते, फडाच्या कडेला कोपीत, म्हणजे तात्पुरत्या खोपटात, तिचंही तान्हं पोर झोपलेलं असतं.

या मादीला बोलू द्या ना. तिच्या तोंडी ‘वाटून खावं’ नको. तिला उसाच्या पात्यानं पिल्लाचं नाक कापतं याबद्दल बोलू द्या, पाटाला पाणी सोडलं की रात्रीत जागा बदलावी लागते याबद्दल, ट्रॅक्टरच्या आवाजाबद्दल, कुत्र्याच्या वासाबद्दल. कोपीतल्या त्या आईविषयी तिला काय वाटतं ते बोलू द्या. मुलांना बिबट्याविषयी आज जे मिळतं ते मोबाइलवरच्या चित्रफितींतून: आरडाओरडा, पिंजरा, ‘आला आला’. त्यातून फक्त भीती येते, रात्री कसं वागावं हेसुद्धा कळत नाही. गोष्ट हे सगळं देऊ शकते, लिहिणाऱ्यानं उसात उभं राहून पाहिलेलं असलं तर. माडगूळ्याच्या व्यंकटेश माडगूळकरांनी वानरांवर कादंबरी लिहिली तेव्हा वानरांच्या तोंडी माणसाची शिकवण घातली नाही; टोळीतली भांडणं, दहशत, पिल्लांची हत्या जशी असते तशी मांडली. १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार ‘सत्तांतर’ला मिळाला. ती मोठ्यांसाठी आहे. मुलांसाठी तशी नजर असलेलं लेखन माणदेशात, कृष्णाकाठी पुन्हा व्हायला हवं.

अशा गोष्टीत बिबट्या कुणाची तरी शेळी उचलणार. ते लिहायचं का? हल्ली गोष्टींतून खाणं काढून टाकायची चाल पडली आहे. म्हातारी लेकीकडे निघते, वाटेत कोल्हा आणि वाघ ‘तुला खातो’ म्हणतात, ती म्हणते लेकीकडे जाऊन तूपरोटी खाऊन जाडजूड होऊन येते, मग खा. नव्या पुस्तकांत वाघ तिला ‘थांब, गप्पा मारू’ म्हणतो. मग ती भोपळ्यात कशाला बसली? ज्या मुलाच्या गोठ्यातली शेळी गेल्या महिन्यात गेली, त्याच्यापुढं गप्पिष्ट वाघ ठेवणं हा मला त्या मुलाचा अपमान वाटतो. त्यानं रक्त बघितलं आहे, आई रडताना बघितली आहे. पंचनामा, नुकसानभरपाई हे शब्द त्याच्या घरात बोलले गेले आहेत. त्याच्या गोष्टीत शेळी गेलीच पाहिजे, आणि ती का गेली हे बिबट्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं पाहिजे.

या गोष्टी लिहायला बसणाऱ्यानं आधी काही दिवस वनरक्षकाबरोबर, मेंढरं राखणाऱ्या धनगराबरोबर, कोपीतल्या बाईबरोबर काढावेत. त्याला वेळ लागतो आणि पैसा लागतो. साखर कारखान्यांनी, दोन्ही जिल्हा परिषदांनी तो द्यावा. पुस्तकं अंगणवाड्यांत आणि शाळांत जावीत, गोष्टीतली मगर औदुंबरच्या बोलीत आणि मेंढी जतच्या बोलीत बोलावी. महाबळेश्वरजवळचं भिलार २०१७ पासून पुस्तकांचं गाव झालं आहे, बालसाहित्याला तिथं वेगळी जागा आहे. उसातल्या बिबट्याच्या मादीचं पुस्तक तिथल्या फळीवर असायला हवं, आणि ते लिहिणारी कराडची किंवा शिराळ्याची एखादी शिक्षिका असेल तर फारच उत्तम.